पी. एस. एम. मिळालं म्हणून रडू नका

आमच्या ओळखीचे एक घर आहे. बीड जिल्ह्यातलेच, अंबाजोगाईपासून फार लांब नाही. नाव सांगत नाही, कारण काही दुःखे अजून त्या घराबाहेर गेलेली नाहीत. आई-वडील दोघेही ऊसतोडीला जाणारे. दसरा झाला की मुकादमाची उचल घ्यायची, बिऱ्हाड गाडीत टाकायचे आणि कारखान्याच्या वाटेला लागायचे. थोरली लेक आजीपाशी राहून शिकली. पुढे समाजकल्याणच्या वसतिगृहात राहिली, सरकारी कॉलेजातून एम.बी.बी.एस. झाली. त्या दिवशी सगळ्या वस्तीत पेढे वाटले गेले.

दोन वर्षांनी पुन्हा निकाल लागला. लेकीला एम.डी.ला जागा मिळाली. तीही अंबाजोगाईला, घराजवळ. शाखा होती पी. एस. एम. वस्तीतला एक मुलगा दवाखान्यात कंपाउंडर आहे. त्याने सांगितले, "काय नाही मावशी, ते संडास-पाण्याचं डॉक्टरकीचं खातं असतंय. कुणाला काही मिळालं न्हाई की ते घेतेत." झाले! पेढे बाजूला राहिले आणि आई रडायला लागली. "म्हंजे तू सुई बी देणार न्हाईस, ऑपरेशन बी करणार न्हाईस? मंग डॉक्टर कशाची गं बाई?"

आम्ही त्याच आठवड्यात त्यांच्याकडे गेलो होतो. लेक त्या दिवशी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी आईच्या पायाशी बसून तिने जे सांगितले ते ऐकून आम्हीही गप्प झालो. या आईची पिशवी तिशीच्या आतच काढलेली आहे. पोटात दुखते, अंगावरून पांढरे जाते, म्हणून एका खासगी दवाखान्यात गेली होती. "पिशवी खराब झाली, कॅन्सर होईल," एवढे दोन शब्द तिला सांगितले गेले. पैसे मुकादमाकडून घेतले आणि ते फेडायला दोन हंगाम गेले. कंबर दुखते ती आजतागायत.

लेक म्हणाली, "माय, तुझी पिशवी काढणारा डॉक्टरच होता. त्याच्यापाशी डिग्री होती, हत्यारं होती. पण तुझ्यावाणी आणखी किती बाया हायेत, अन् ऊसतोडीच्याच बायांची पिशवी एवढी का निघती, हे विचारणारा डॉक्टर आपल्या वस्तीत कधी आलाच न्हाई. ते विचारायचं शिक्षण घ्यायला चालले मी."

वाचकहो, हा लेख त्या आईसाठी आहे. आणि आज ना उद्या ज्यांच्या मुलामुलींना ही जागा मिळेल, त्या सर्व आईवडिलांसाठी आहे.

ही शाखा आहे तरी काय?

पी. एस. एम. म्हणजे प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्र. आता त्याला कम्युनिटी मेडिसिन, म्हणजे जनवैद्यक किंवा समुदाय वैद्यकशास्त्र म्हणतात. बाकीच्या शाखांचा डॉक्टर दवाखान्यात बसतो आणि आजारी माणूस त्याच्याकडे येतो. या शाखेचा डॉक्टर माणूस आजारी का पडला ते शोधत वस्तीकडे येतो. त्याचा रोगी एक माणूस नसतो. त्याचा रोगी म्हणजे सगळे गाव.

ही शाखा आपल्याकडे आली तीही एका मोठ्या विचारातून. १९४३ साली सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली देशाच्या आरोग्याची पाहणी करणारी समिती नेमली गेली. १९४६ साली तिचा अहवाल आला. नुसती औषधे देणारा डॉक्टर या देशाला पुरणार नाही. समाज समजणारा, रोग होण्याआधीच तो रोखणारा डॉक्टर हवा, असे समितीचे म्हणणे होते. त्यासाठी प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात या विषयाचा स्वतंत्र विभाग असावा, अशी शिफारस तिने केली. आज देशातल्या प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात हा विभाग आहे, त्याचे मूळ तिथे आहे.

आणि हा विषय शिकायला अंबाजोगाईसारखी जागा शोधून सापडणार नाही. स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९७४ साली इथे सुरू झाले. आशिया खंडातले पहिले ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय म्हणून आपली माणसे त्याचा अभिमानाने उल्लेख करतात. डॉ. व्यंकटराव डावळे यांचे नाव या संस्थेच्या उभारणीशी कायमचे जोडलेले आहे. लोक रुग्णालयाला सरळ 'स्वाराती' म्हणतात. परळी, केज, धारूर या भागांतला गरीब माणूस शेवटी इथेच येतो. महाविद्यालय पूर्वी मराठवाडा विद्यापीठाला जोडलेले होते. नामांतराचा दीर्घ लढा होऊन १४ जानेवारी १९९४ रोजी त्या विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळाले. १९९८ साली नाशिकला आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले आणि राज्यातली वैद्यकीय महाविद्यालये तिकडे गेली.

मोठ्या शहरात हे शिक्षण घेणाऱ्याला खेडे पाहायला गाडी करून जावे लागते. अंबाजोगाईत मात्र फाटकाबाहेर पाऊल टाकले की अभ्यास सुरू होतो. दुष्काळ, टँकर, ऊसतोड, कोवळ्या वयातली लग्ने, घरातली बाळंतपणे, हे सगळे इथे पुस्तकाच्या बाहेर, डोळ्यांसमोर आहे.

तीन वर्षांत काय शिकवतात?

"सुई देत नाहीस तर तीन वर्षं करणार काय?" हा त्या आईचा दुसरा प्रश्न होता. त्याचे उत्तर साध्या उदाहरणाने देऊ.

समजा तुमच्या गावात गॅस्ट्रोची साथ आली. दवाखान्यातला डॉक्टर सलाईन लावतो. तो माणसाचा जीव वाचवतो, त्याचे काम मोठेच आहे. पण दुसऱ्या दिवशी आणखी दहा जण येतात, तिसऱ्या दिवशी वीस. अशा वेळी जनवैद्यकाचा डॉक्टर वही घेऊन घरोघर फिरतो. कोण आजारी पडले, कोणत्या तारखेला, कोणत्या आळीत, पाणी कुठले प्याले, जेवण कुठले जेवले. मग गावाचा नकाशा काढून आजारी घरांवर खुणा करतो. खुणा एका विहिरीभोवती, नाहीतर फुटलेल्या पाइपाभोवती गोळा झाल्या की चोर सापडला. लंडनला १८५४ साली कॉलऱ्याची साथ आली तेव्हा जॉन स्नो नावाच्या डॉक्टराने नेमके हेच केले. मेलेल्या माणसांच्या घरांवरून ब्रॉड स्ट्रीटच्या हातपंपाचा माग काढला आणि त्या पंपाचा दांडा काढून टाकायला लावला. तेव्हा कॉलऱ्याचा जंतू कसा असतो हे त्यालाही ठाऊक नव्हते. पण आजारी माणसे कुठे राहतात, हे त्याने विचारले होते.

दुसरे उदाहरण पाण्याचेच घेऊ. गावच्या विहिरीत टी.सी.एल. पावडर टाकतात, हे तुम्ही पाहिले असेल. पुष्कळदा शिपाई ती मूठभर फेकतो आणि निघून जातो. या शाखेच्या विद्यार्थ्याला त्याचे गणित शिकावे लागते. आधी विहिरीची रुंदी आणि पाण्याची खोली मीटरमध्ये मोजायची. रुंदीला रुंदीने गुणायचे, मग खोलीने, मग ३.१४ ने. आलेल्या आकड्याला ४ ने भागून १००० ने गुणले की विहिरीतले पाणी लिटरमध्ये मिळते. विहीर ४ मीटर रुंद आणि पाणी ३ मीटर खोल असेल तर साधारण ३७,७०० लिटर पाणी झाले. चांगल्या प्रतीची पावडर १००० लिटरला साधारण अडीच ग्रॅम लागते, म्हणजे या विहिरीला ९४-९५ ग्रॅम. पाणी जास्त गढूळ असेल, पावडर जुनी, हवा लागलेली असेल, तर जास्त लागते; किती लागते ते काढायची स्वतंत्र परीक्षा असते. पावडर टाकल्यावर पाण्याला निदान एक तास द्यायचा. त्यानंतर थोड्या पाण्यात ओ.टी.चे थेंब टाकून पिवळा रंग येतो का ते पाहायचे. दर लिटरला अर्धा मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहिले म्हणजे पाणी प्यायला योग्य.

हे गणित सातवी शिकलेली मुलगीही करू शकते. वाचकांपैकी कुणी ग्रामपंचायतीत असेल त्याने ते कापून भिंतीवर चिकटवावे. आपल्या वस्तीच्या विहिरीत पावडर पडते की नाही, आणि पडली तर किती, हे विचारायचा आपल्याला हक्क आहे.

अशा रीतीने तीन वर्षे जातात. साथीचे शास्त्र, आकडेशास्त्र, आहार, डास आणि इतर कीटक, लसीकरण, क्षयरोग आणि कुष्ठरोगाचे राष्ट्रीय कार्यक्रम, कामगारांचे आजार, माता आणि बालकांचे आरोग्य, हे सारे विषय असतात. महाविद्यालयाच्या ग्रामीण आणि शहरी आरोग्य केंद्रांत राहून काम करावे लागते. तिथे रोगी तपासावेच लागतात, सुईही द्यावीच लागते. त्या आईने तेवढी काळजी करू नये. एखाद्या आजारी माणसाच्या घरी जाऊन त्याचे घर, चूल, पाणी, कमाई, कर्ज सगळे पाहायचे आणि आजार कुठून आला ते लिहायचे, हा या अभ्यासाचा कणा आहे. २०२१ च्या तुकडीपासून सगळ्याच शाखांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेत काम करावे लागते. शेवटी स्वतः पाहणी करून एक प्रबंध लिहावा लागतो.

मोजले नाही तर दिसत नाही

आता त्या आईच्या पिशवीकडे पुन्हा येऊ.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्या जातात, ही गोष्ट वस्तीवस्तीत ठाऊक होती. पण ती ज्याच्या त्याच्या घरातली गोष्ट होती. प्रत्येक बाईला वाटायचे, आपलेच नशीब फुटके. २०१९ साली वर्तमानपत्रांतून हा प्रश्न राज्यभर गाजला, महिला संघटनांनी तो लावून धरला आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ महिलांची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे शंभरात जवळपास सतरा. त्याच सुमाराच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या महिलांमध्ये हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास होते.

तीन कुठे आणि सतरा कुठे! हा आकडा समोर येताच गोष्ट नशिबाची राहिली नाही. मग प्रश्न सुरू झाले. फडावर संडास नाही, न्हाणीघर नाही, पाळीच्या दिवसांत कापड धुवायला पाणी नाही. एक दिवस खाडा झाला तर मुकादम दंड लावतो. पोटात पुन्हा पुन्हा जंतुसंसर्ग होतो, त्याला साधे औषध वेळेवर मिळत नाही. कमी वयात लग्न, लवकर बाळंतपणे. आणि या सगळ्यावर इलाज म्हणून पिशवीच काढून टाकायची. एकेका बाईचे पोट तपासणाऱ्याला ही सगळी साखळी दिसत नाही. ती दिसायला हजारो बायकांची वही भरावी लागते.

दुसरा आकडाही आपल्याच जिल्ह्याचा आहे. २००१ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालील १००० मुलांमागे ८९४ मुली होत्या. २०११ च्या जनगणनेत त्या ८०७ राहिल्या. दहा वर्षांत इतक्या मुली कुठे गेल्या? एकाही घराने पोलिसात जाऊन आमची मुलगी हरवली असे सांगितले नव्हते. त्या जन्मायच्या आधीच नाहीशा झाल्या होत्या. हा गुन्हा उघडा पाडणारी पहिली साक्षीदार जनगणनेची वही होती. ही शाखा वही वाचायला शिकवते.

शेजारच्या तालुक्याचे उदाहरण

हे शिक्षण घेऊन काय करता येते, हे पाहायला परदेशात जायला नको. बीड जिल्ह्याला लागूनच जामखेड आहे. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे या पतिपत्नींनी अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे पदव्युत्तर शिक्षण घेतले आणि १९७० साली जामखेडला कामाला सुरुवात केली. परदेशची पदवी घेऊन ते दुष्काळी माळावर आले. त्यांनी गावोगावच्या बायका निवडल्या. त्यांतल्या कितीतरी निरक्षर होत्या, कितीतरी आपल्या समाजाच्या होत्या. बाळंतपण सुरक्षित कसे करायचे, जुलाब झालेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी कसे द्यायचे, मुलाचे वजन कसे पाहायचे, हे त्यांना शिकवले. शिकायला आलेल्या सर्व जातींच्या बायका एकत्र राहात, एकत्र जेवत.

पाण्याचेही त्यांनी असेच केले. हातपंप घ्यायची वेळ आली तेव्हा तो दलित वस्तीत घेण्याचा आग्रह धरला. ज्या विहिरीवर आपल्याला पाय ठेवू देत नव्हते, त्या गावातली माणसे घागरी घेऊन आपल्या वस्तीत येऊ लागली. जे काम भाषणाने झाले नसते ते एका पंपाने केले. १९७९ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. 'सर्वांसाठी आरोग्य' असा ठराव जगातल्या देशांनी १९७८ साली अल्मा-आता येथे केला, त्यामागे ज्या थोड्या प्रयोगांचा अनुभव होता त्यांत जामखेड होते.

गडचिरोलीचे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनीही त्याच विद्यापीठातून हे शिक्षण घेतले आणि १९८६ साली 'सर्च' ही संस्था सुरू केली. त्यांनी आधी मोजले. किती बाळे जन्मली, किती दगावली, कितव्या दिवशी दगावली. मग गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. १९९९ साली त्यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आपले निष्कर्ष मांडले. त्यांच्या गावांत हजारी ६२ नवजात बाळे दगावत होती, ती संख्या २५ च्या आसपास आली. आज तुमच्या घरी बाळंतपणानंतर आशाताई येऊन बाळाचे वजन करते, ताप पाहते, त्या पद्धतीची वाट गडचिरोलीच्या त्या गावांतून आलेली आहे.

पोलिओचे बूथ तर सर्वांना आठवतात. करंगळीला शाईची खूण लावून आपली मुले उड्या मारत घरी यायची. त्यामागे घराघराची यादी होती आणि लुळ्या पडलेल्या प्रत्येक मुलाचा माग काढणारे डॉक्टर होते. देशातला शेवटचा रोगी २०११ च्या जानेवारीत सापडला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. २०२० साली कोरोना आला तेव्हा साथरोगतज्ज्ञ कुठे आहेत म्हणून सारा देश शोधत होता. ते या 'उरलेल्या' शाखेतच होते.

आमच्याच पोरांनी उरलेले का घ्यावे?

हा प्रश्न आम्हाला त्या मुलीच्या वडिलांनी विचारला, आणि तो रास्त आहे. आजवर गावाने टाकलेले आपण घेतले, आता शिक्षणातही तेच का? आम्ही त्यांना स्पष्ट सांगितले. ज्या मुलाचे मन शस्त्रक्रियेत आहे, हृदयरोगात आहे, त्याने ती जागा जिद्दीने मिळवावी. हक्काची जागा सोडून कमी घ्यावे, असे कुणी सांगत असेल तर ऐकू नये. या शाखेत खासगी दवाखान्यासारखा पैसा नाही, हेही खरे आहे. बदली होते, वरून दबाव येतो, आकडा खरा लिहिला तर काही लोक नाराज होतात. हे लपवून आम्ही कुणाला फसवणार नाही.

पण ही जागा कमी दर्जाची, ही समजूत कुणाची? पाणी, घाण, गटार, बाळंतपण यांत हात घालणाऱ्याला हलका म्हणायची ही जुनी खोड आहे. तीच खोड वैद्यकीय महाविद्यालयात शिरली, एवढेच. बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला सत्याग्रह केला तो पाण्यासाठी. सार्वजनिक पाणी सर्वांचे, हा माणुसकीचा धडा होता आणि तोच आरोग्याचाही पहिला धडा आहे. १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात कामगार स्त्रियांना बाळंतपणाची भरपगारी रजा देण्याच्या विधेयकाच्या बाजूने ते उभे राहिले. आईला विसावा मिळणे ही साऱ्या राष्ट्राच्या हिताची गोष्ट आहे, असा त्यांचा मुद्दा होता. जनवैद्यकाच्या वर्गात आजही तेच शिकवतात. सावित्रीबाई तर १८९७ च्या प्लेगमध्ये मुंढव्याच्या महारवाड्यातल्या आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात गेल्या आणि त्याच रोगाने त्यांचा अंत झाला. त्या कामाला आपण हलके म्हणणार का?

आपल्या मुलांनी काय करावे?

वाट माहीत नसल्यामुळे आपली मुले मागे राहतात, म्हणून थोडी माहिती देतो.

एम.डी. जनवैद्यक ही तीन वर्षांची पदवी आहे. त्यासाठी एम.बी.बी.एस. आणि इंटर्नशिप पूर्ण करून नीट-पीजी परीक्षा द्यावी लागते. सरकारी महाविद्यालयांतल्या निम्म्या जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात, त्यांत अनुसूचित जातींना १५ टक्के आरक्षण आहे. राज्याच्या कोट्यात ते १३ टक्के आहे. १९९० च्या कायद्याने बौद्धांना केंद्रातही अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या. म्हणून राज्याचा आणि केंद्राच्या नमुन्यातला असे दोन्ही जातीचे दाखले तयार ठेवावेत. जात वैधता प्रमाणपत्र निकाल लागल्यावर काढू म्हणून थांबू नये. कागदासाठी जागा गेली, असे रडणारे आईबाप आम्ही पाहिले आहेत. ते मुलगा अकरावी-बारावीत असतानाच काढून ठेवावे.

एम.बी.बी.एस.ला नंबर लागला नाही म्हणून ही वाट बंद होत नाही. दोन वर्षांची एम.पी.एच. म्हणजे सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी पुष्कळ ठिकाणी आहे. दंतवैद्य, आयुर्वेद-होमिओपॅथीचे पदवीधर, बी.एस्सी. नर्सिंग केलेल्या मुली, आणि काही संस्थांत समाजकार्य किंवा इतर शाखांचे पदवीधरही तिला बसू शकतात. मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था आणि पुण्याचे विद्यापीठ ही जवळची ठिकाणे. कलकत्त्याला १९३२ पासून चालणारी अखिल भारतीय स्वच्छता आणि सार्वजनिक आरोग्य संस्था आहे. अटी आणि फी वर्षावर्षाला बदलतात, म्हणून त्या त्या वर्षाचे माहितीपत्रक स्वतः वाचावे, ऐकीव माहितीवर विसंबू नये.

पैशाची सोय आहे. घरचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते. त्यापेक्षा जास्त असेल तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफीची राज्याची योजना आहे. दोन्हींचे अर्ज महाडीबीटीवर भरावे लागतात. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. परदेशी विद्यापीठात प्रवेश मिळाल्यास राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. एम.डी. करणाऱ्याला तर निवासी डॉक्टर म्हणून दरमहा विद्यावेतन मिळते, त्यामुळे घरावर बोजा पडत नाही.

पुढे काम कुठे मिळेल? वैद्यकीय महाविद्यालयात शिकवता येते. तालुका आणि जिल्हा पातळीवर आरोग्य अधिकारी होता येते. क्षयरोग, हिवताप, लसीकरण यांच्या कार्यक्रमांत, जागतिक आरोग्य संघटनेच्या रोग-पाहणीच्या कामात, स्वयंसेवी संस्थांत जागा असतात. २०२२ साली केंद्राने राज्यांना सार्वजनिक आरोग्याचा वेगळा सेवावर्ग उभा करण्याविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत. जिल्ह्याच्या खुर्चीवर आपल्या वस्तीतून आलेला माणूस बसला, तर टँकर आधी कुठे जायचा आणि लसीची पेटी कोणत्या आळीत न्यायची, याचा विचार त्याच्या डोक्यात वेगळा असेल.

त्या घरचे पुढे काय झाले?

लेक अंबाजोगाईला रुजू झाली. पहिल्या सुट्टीत घरी आली ती हातात वही घेऊन. आईच्या वयाच्या वस्तीतल्या बायकांना तिने एकेक करून विचारले. पिशवी काढली का, कितव्या वर्षी, आधी काय त्रास होता, किती पैसे लागले, कागद दिले का. आईने तिच्याबरोबर दारोदार फिरून बायकांना बोलते केले, कारण डॉक्टरीणबाईंपुढे ज्या लाजत होत्या त्या या आईपुढे मोकळ्या झाल्या. जी गोष्ट तिने वीस वर्षे पदराआड ठेवली होती, ती पहिल्यांदा तिनेच सांगितली.

यंदा दसऱ्यानंतर टोळी निघायच्या आदल्या रात्री आम्ही पुन्हा त्या घरी होतो. ओट्यावर चार तरुण सुना बसल्या होत्या आणि आई त्यांना सांगत होती, "फडावर त्रास झाला तर लगोलग सरकारी दवाखान्यात जा. पिशवी काढ म्हणला कुणी, तर दुसऱ्या डॉक्टरला दाखवल्याबिगर हां म्हणू नका. कागद मागून घ्या. अन् पैसे मुकादमाचे घेऊ नका गं माय."

आम्ही निघताना ती दारापर्यंत आली. म्हणाली, "तुमच्या पेपरात लिवा, की माझी लेक डॉक्टरच हाय."

म्हणून लिहिले.